मोह, माड आणि परवाना

दिवाळी सरून तीन-चार आठवडे लोटले की कार्तिक वद्य एकादशीला वसई तालुक्यातील निर्मळ येथे जत्रा भरते. आणि विमल सरोवराच्या काठी, शंकराचार्यांच्या समाधिमंदिराकडे जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा जो बाजार मांडला जातो, त्यात या किनाऱ्याची बरीचशी उपज एकत्र पाहावयास मिळते. राजेळीची केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी येथे असते, वाड्यांतला भाजीपाला असतो, सुकी मासळी असते. मंदिरापासून थोड्याच अंतरावर होली क्रॉसचे चर्च उभे आहे, आणि एकादशीचा उपवास करणारी व रविवारी मिस्सेला जाणारी अशी दोन्ही प्रकारची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजाराने नांदत असल्यामुळे जत्रेच्या गर्दीत कोण कोणत्या घरचे हे परक्याला सहसा ओळखता येत नाही. या सगळ्या मालात एक जिन्नस मात्र उघड्यावर दिसत नाही, आणि तो म्हणजे येथल्या झाडांनी दिलेला व येथल्या हातांनी मुरवून गाळलेला अर्क. केळी वाळवण्याची विद्या जत्रेत मिरवते आणि रस गाळण्याची विद्या चोरवाटेने जगते, हा भेद झाडांनी केलेला नाही. तो कायद्याने केलेला आहे, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

सोपाऱ्याच्या प्राचीन बंदरापासून निर्मळ हाकेच्या अंतरावर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला, तेव्हापासून या परिसराचे प्राचीनत्व सर्वमान्य झाले. परंतु येथील सामान्य माणसाचे जीवन स्तूपांपेक्षा माडांनी, ताडांनी आणि शिंदींनी अधिक घडविले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य बदलले तरी झाडावर चढणारा भंडारी बदलला नाही, आणि त्याच्याकडून कर घेण्याची सरकारची रीतही बदलली नाही.

या बाबतीत पेशवाईतील एक प्रकरण मला फार बोलके वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या प्रकरणाचा उल्लेख आहे. पुण्याच्या राज्यकर्त्यांची मद्याविषयीची दृष्टी कडक होती आणि मुलुखात दारू गाळण्यास व विकण्यास बंदी होती. पण वसई, चौल वगैरे पोर्तुगीज मुलुख हाती आल्यावर तेथील कोळी, भंडारी इत्यादी लोकांनी अशी पूर्ण बंदी आपणांस सोसवत नाही म्हणून अर्ज केला, आणि सरकारने त्यांच्यापुरती ती सैल केली. ब्राह्मण, प्रभू, शेणवी आणि सरकारी कामगार यांना मात्र मनाई कायम राहिली. या सवलतीमागे जातिभेदाची चौकट होती, आणि ती आज कोणी समर्थनीय मानणार नाही. तरीही एका कडव्या राज्यकर्त्याने किनाऱ्यावरील श्रमिकाचा अर्ज वाचला आणि त्याच्या रिवाजाला दप्तरात जागा दिली, ही गोष्ट त्यानंतर आलेल्या राजवटीशी ताडून पाहिली म्हणजे लहान वाटत नाही.

माडाचा रस काढणे हे नजरेला सोपे वाटणारे आणि हाताला अतिशय अवघड असे काम आहे. माडाची पोय उमलण्यापूर्वीच दोरीने आवळून बांधतात, काही दिवस ती हलक्या हाताने ठोकून मऊ करतात, आणि मग तिच्या टोकाचा एक पातळ काप धारदार कोयतीने घेतात. काप जाड पडला तर पोय लवकर संपते, फारच पातळ पडला तर रस धरत नाही. आणि हा अंदाज जमिनीपासून चाळीस-पन्नास फूट उंचीवर, पायांच्या पकडीत खोड धरून, वाऱ्यात करावयाचा असतो. सकाळ-संध्याकाळ नवा काप देऊन खाली मडके बांधावे लागते. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो आणि त्याला नीरा म्हणतात; चुना नसेल तर हवेतील किण्व त्यात शिरून काही तासांतच त्याची माडी होते. ताडाचीही हीच तऱ्हा, फक्त हंगाम निराळा. ही माडी-ताडी केवळ पिण्यासाठी असते असे मानणे हा शहरी गैरसमज आहे. वसईच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात फुग्यांचे पीठ ताडीनेच फुगत असे, तिचाच शिरका करून कालवणाला आंबटपणा येत असे, आणि लग्नघरी दालचिनी, लवंग व गवती चहा घालून उकळलेले खिमाड पाहुण्यांना गरम गरम दिले जात असे. त्या खिमाडाला लागणारी दारू गावातलीच असे.

इंग्रजी अंमल आला आणि झाडाकडे पाहण्याची सरकारची नजर पालटली. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या हकीकतीतील कळीचा दस्तऐवज आहे. त्याच्या अंमलाखाली रस काढण्याच्या झाडावर पट्टी बसली, गावोगावच्या लहान भट्ट्या मोडीत काढून गाळण्याचे काम सरकारी देखरेखीच्या मोठ्या कारखान्यांत एकवटण्यात आले, आणि विक्रीचा मक्ता लिलावात जाऊ लागला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी या वाढत्या पट्टीविरुद्ध तक्रारी केल्या, दरखास्ती पाठवल्या. पण अबकारीचे उत्पन्न हे सरकारच्या महसुलाचे एक मोठे अंग बनले होते, आणि त्या वाढत्या उत्पन्नापुढे झाडावरच्या माणसाचे म्हणणे फारसे चालले नाही. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे मोहाची दारू गाळण्याचे मोठे ठाणे झाले. तेथे मध्य हिंदुस्थान आणि पंचमहालांतून मोहाची वाळलेली फुले येत, आणि तेथली दारू मुंबईत खपत असे. या व्यापारात पारशी मक्तेदारांचा वाटा मोठा होता, आणि दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही आडनावे आजही त्याची साक्ष देतात.

मोहाची गोष्ट याहून कठोर आहे. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, पाने झडून गेलेल्या मोहाच्या झाडाखाली पहाटेच्या सुमारास मऊ, पिवळसर पांढऱ्या, मांसल फुलांचा सडा पडतो. आदल्या दिवशी झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली असते. बाया-मुले टोपल्या घेऊन झुंजूमुंजू होताच तेथे पोहोचतात, कारण ऊन चढल्यावर फुले मलूल होतात आणि गुरेही त्यांवर येतात. फुले अंगणात पसरून तीन-चार दिवस वाळवली की ती तपकिरी होतात, आकसतात, आणि त्यांचा वास उग्र गोड होतो. सुकलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी घरातला दाणा संपला की हीच फुले शिजवून किंवा भाजून खाल्ली जात. फुलानंतर फळ येते, आणि त्याच्या बियांचे तेल निघते. डहाणू, जव्हार, मोखाडा, तलासरी या भागांतील वारली, कोकणा, काथोडी घरांना हे झाड म्हणजे कणगी होती. अशा झाडाच्या फुलांवर १८९२ साली मुंबई सरकारने खास कायदा करून ठाणे आणि कुलाबा या दोनच जिल्ह्यांत ती बाळगण्यावर, आणण्यावर, विकण्यावर निर्बंध घातला. चोरून दारू गाळली जाते व त्यामुळे अबकारी बुडते, हे त्याचे कारण. माणसाच्या अन्नावर केवळ त्यापासून मद्य होऊ शकते म्हणून परवान्याची सक्ती करणे, हा माझ्या मते या प्रांताच्या कायद्यांच्या इतिहासातील अत्यंत निष्ठुर प्रकार होय. वर हे सारे करणारे सरकार स्वतः त्याच फुलांच्या दारूवर उरणच्या कारखान्यांतून कर घेत होते.

गावची भट्टी कशी चालते, हे एकदा समजून घेतले म्हणजे तिच्यातील शहाणपणही ध्यानात येते. वाळलेली फुले पाण्यात भिजवून मातीच्या रांजणात ठेवतात. ऋतूप्रमाणे पाच ते आठ दिवसांत वर फेस येतो, बुडबुडे फुटू लागतात, आणि फेस बसला की आंबवण तयार झाले असे समजतात. मग हंडा चुलीवर चढतो, त्यावर भोके पाडलेले दुसरे भांडे, त्यात अर्क धरण्याचे लहान पात्र, आणि सर्वांत वर थंड पाण्याचे पातेले. सांधे ओल्या मातीने व चिंध्यांनी लिंपलेले. वाफ वर जाऊन थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब पात्रात गळते. वरचे पाणी तापले की ते काढून नवे घालावयाचे, आणि असे पाणी किती वेळा बदलले यावरून गाळणारी बाई अर्काची ताकद ओळखते. रसायनशास्त्राप्रमाणे शुद्ध मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि पाणी १०० अंशांना. या दोहोंमधल्या अंतरावर सारी कला उभी आहे, आणि तापमापक नसताना ती कला केवळ पाण्याच्या मोजणीवर, वासावर व जिभेवर सांभाळली गेली, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

या हकीकतीत १९२२ हे वर्ष दोन ठिकाणी येते, आणि दोन्ही ठिकाणे याच किनाऱ्यावरची आहेत. पहिले इतिहासाचे. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, त्या वर्षाच्या आरंभी देवीच्या साथीत पालघर किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीची शांत करण्याचा जो विधी सुरू झाला, तोच पुढे डोंगरात चढला, आदिवासींच्या अंगात सलाबाई ही देवी येऊ लागली, आणि तिच्या तोंडून हुकूम निघू लागले की, दारू आणि ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूविक्यांच्या गुत्त्यावर जाऊ नका. वर्ष संपेपर्यंत ही लाट सुरत जिल्ह्यात, खानदेशात व नाशिकच्या डोंगरांत पोहोचली. ज्या लोकांच्या देवकार्याला मोहाचा थेंब लागतो, त्या लोकांनी तो आपण होऊन टाकून दिला. आणि हार्डिमन यांचे प्रतिपादन असे की, हा त्याग मक्तेदार, सावकार आणि जमीनदार हे तिन्ही एकाच घरी राहात असल्याच्या अनुभवातून आलेला होता. दारूचा विषय निघाला की आदिवासी व्यसनी, एवढेच बोलून जे मोकळे होतात, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

दुसरे १९२२ आहे एका बाटलीवर. निर्मळहून उत्तरेस, याच पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे साऊथ सीज डिस्टिलरीज हा चिनॉय कुटुंबाचा कारखाना १९८४ पासून उभा आहे. तांब्याच्या हंड्यांतून माल्टचा अर्क गाळणे हे त्याचे मूळ काम. तो अर्क दीर्घकाळ इतर कंपन्यांच्या व्हिस्कीत जात असे, आणि अलीकडे या घराण्याने 'क्रेझी कॉक' या नावाने स्वतःची सिंगल माल्ट बाजारात आणली. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याच कारखान्याची मोहाची दारू, 'सिक्स ब्रदर्स महुरा'. कुटुंबाच्या मागील पिढीतील सहा भावांचे स्मरण तिच्या नावात आहे, आणि तिच्या एका विशेष आवृत्तीच्या नावातच १९२२ हा आकडा व पुनरुत्थान असा अर्थ असलेला शब्द घातला आहे.

या कारखान्याचे काम मी हलके लेखणार नाही. मोहाचा अर्क म्हणजे रबरी नळीतून येणारे जहर, अशी जी समजूत शहरात बळावली आहे, ती मोडण्याचे सामर्थ्य भाषणांत नव्हते. ते चांगल्या रीतीने गाळलेल्या एका पेल्यात होते. तांब्याचा हंडा गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्ये आपल्याकडे ओढून घेतो. गाळताना आरंभी येणारी, उग्र वासाच्या व लवकर उडणाऱ्या द्रव्यांची धार बाजूला काढली जाते, शेवटची पाणचट धारही वेगळी होते, आणि मधली तेवढी ठेवली जाते. गावात 'पहिल्या धारेची' म्हणून जिची वाहवा होते ती ताकदीने खरोखर सर्वांत जहाल असते, परंतु नव्या गाळणारांना तिचाच आरंभ टाकून द्यावा लागतो. या एका बाबतीत कारखान्याची शिस्त गावाने घेतली तर गावाचेच कल्याण आहे. असाच प्रयत्न गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी केला. त्यांनी आंध्रातील चित्तूर जिल्ह्यातील कारखान्यात घायपाताच्या जातीच्या अगेव्हपासून अर्क गाळला आणि २०१८ मध्ये मोहाची दारू बाटलीत आणली. डहाणूजवळच्या बोर्डीत चिकूची वाइन होते, तीही उल्लेखनीय. पण ती गाळलेली नसून मुरवलेली असल्यामुळे तिचा कायदा निराळा, तिचे प्रश्नही निराळे.

मधल्या काळाचा हिशेब येथे चुकता केला पाहिजे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉ. गिल्डर हे मंत्री असताना मुंबई शहरात दारूबंदी आली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने ती साऱ्या प्रांतावर पसरली. तिच्या मुळाशी असलेली कळकळ खरी होती. ज्या घरातला रोजगार गुत्त्यावर जिरतो त्या घरातल्या बाईचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो त्या कळकळीला नावे ठेवणार नाही, आणि १९९३ मध्ये गडचिरोलीत झालेली दारूबंदी लोकांच्या चळवळीतूनच आली होती. पण बंदीने पिणे थांबले नाही, गाळणे मात्र रात्रीच्या अंधारात गेले. फुलांच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला, मातीच्या रांजणाच्या जागी पत्र्याचा पिंप आला, आणि आजीकडून नातीकडे जाणारी मोजणी पोलिसांच्या धाडीच्या भीतीने घाईत सापडली. त्याहून भयंकर प्रकार गाळण्याचाच नव्हता: जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे मेली ती औद्योगिक वापराच्या मेथिल अल्कोहोलने. वृत्तपत्रांनी त्या विषारी दारूला 'गावठी' म्हटले, आणि एका प्राचीन हस्तव्यवसायाच्या माथी ते खून बसले. हा अन्याय माझ्या मनातून जात नाही.

पुढे बंदी सैल झाली, १९७३ चे देशी मद्याचे नियम आले, आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला मद्यार्क 'देशी' या नावाने परवान्यावर विकला जाऊ लागला. मळीचा अर्क कायदेशीर, मोहाचा बेकायदेशीर. माडाचा रस झाडावरून उतरवण्यास परवाना मिळे, पण तोच रस गाळणे फौजदारी गुन्हा. मोहाच्या फुलांवरील बंधने १९५० च्या नियमांनी चालूच होती. ती राज्य सरकारने २०२१ साली शिथिल केली, आणि १८९२ पासून सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेली परवान्याची सक्ती अखेर सुटली. पुढील वर्षी मोहाफुले व काजूबोंडे यांपासून होणाऱ्या मद्याला 'देशी'च्या वर्गातून काढून 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचा निर्णय झाला. दुकानदाराच्या फळीवर मोहाला व्हिस्कीच्या शेजारी बसता यावे, हा त्यामागचा व्यवहार्य हेतू मला मान्य आहे.

मात्र यातून परवाना मिळतो तो कोणाला, हा प्रश्न उरतोच. तांब्याचे हंडे, गोदामे, अबकारी खात्याचा बंदोबस्त, वार्षिक शुल्क, प्रयोगशाळा हे सारे ज्याला परवडते, त्याला. पहाटे फुले वेचणारी बाई या साखळीच्या पहिल्या टोकाला होती आणि अजून तेथेच आहे. तिच्याकडून फूल किलोच्या भावाने जाते, आणि त्याचा अर्क बाटलीतून विकला जातो त्या किमतीचे तिच्या दिवसभराच्या मजुरीशी काहीही प्रमाण उरत नाही. कारखानदारावर मी याचा दोष ठेवत नाही. त्याने कायद्याने उघडलेल्या दारातून पाऊल टाकले. ते दार केवढे उघडावे हे ठरवणाऱ्या सरकारचा तो दोष आहे.

शेजारच्या दोन मुलुखांत हे दार निराळ्या रीतीने उघडले आहे. गोव्यात काजूची फेणी गाळण्याची भाटी ही आजही मुख्यत्वे लहान घरगुती उद्योगाच्या मापाची आहे; काजूची बोंडे चेचून रस मुरवायचा, एकदा गाळला की सौम्य हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी, आणि हे काम हंगामापुरते परवाना घेतलेला बागाईतदार किंवा भाटकार करतो. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसापेय म्हणून मान्यता दिली. मध्य प्रदेशाने तर थेट आदिवासींकडेच हात पुढे केला: तेथील वारसा मद्याच्या धोरणाखाली अलिराजपूर आणि दिंडोरी या जिल्ह्यांतील आदिवासी स्वयंसाहाय्यता गट स्वतः मोहाची दारू गाळतात, आणि ती 'मोंड' व 'मोहुलो' या नावांनी विकली जाते. गाळणारा आणि विकणारा तेथे एकच आहे. या गटांपुढे भांडवलाच्या व बाजारपेठेच्या अडचणी असणारच, परंतु गुन्हेगार म्हणून ज्याचा पंचनामा होत असे, त्याचेच नाव आता परवान्यावर लिहिलेले आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा शोधत बसावे लागणार नाही. १९९६ चा पंचायत विस्तार कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा अथवा नियमन करण्याचा अधिकार देतो, आणि गौण वनोपजावरील मालकीही तिच्याकडेच सोपवतो. त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ साली झाले. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके या क्षेत्रात आहेत. ज्या ग्रामसभेला दारू नको आहे ती बंदी घालू शकते, आणि सलाबाईच्या वारसदारांचा तो हक्क कोणी काढून घेऊ नये. ज्या ग्रामसभेला आपल्या फुलांचा अर्क मोजक्या मापात, तपासलेल्या हंड्यात, आपल्या नावाने गाळावयाचा आहे, तिला मात्र १९४९ च्या अधिनियमाखाली एक लहान मापाचा, कमी शुल्काचा, सामूहिक परवाना द्यावा लागेल. किनाऱ्यावर निर्मळ, आगाशी, अर्नाळ्याच्या वाड्यांत माडावर चढणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, आणि त्यांची मुले विरारहून सकाळची लोकल धरतात. माडाचा रस गाळण्याची सोय त्याच परवान्यात समाविष्ट झाली तर झाडावर चढण्याचे मोल त्यांनाही पुन्हा परवडेल. अशा परवान्याचा मसुदा मंत्रालयात तयार होण्यास फार काळ लागू नये. नियमांची आठ-दहा कलमे, अर्काच्या तपासणीची जिल्हा पातळीवरची सोय, आणि फुलांच्या हंगामापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी अखेरपर्यंत, ग्रामसभांच्या हाती पडेल असा हुकूम, एवढेच त्याला हवे आहे.